नवा डबा, डेबियन १३ आणि बाबांचा ‘ल’

मंडळी, डबा, म्हणजे घरी जोडलेला नवा पीसी, एकदाचा उभा राहिला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० रॅमच्या पट्ट्या, १ टीबीची एनव्हीएमई डिस्क आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा). ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आतच असतं, आणि या मशीनवर गेम कोणी खेळणार नाही. मी टर्मिनलमध्ये रमणार, बाबा सोसायटीच्या नोटिसा टाइप करणार.

जुन्या पीसीवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्यातला चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्यामुळे नव्या डब्यावर पहिल्यापासून लिनक्सच टाकायचं ठरलं होतं.

शनिवारी संध्याकाळी जोडणी संपली. आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. पंख्याच्या जाळीवर अक्षता टाकू नकोस, एवढं मात्र सांगावं लागलं. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावरचा रॅमचा दिवा लागलेला. अर्धा-पाऊण मिनिट वाट पाहून मी स्विच बंद केला, पट्ट्या काढून परत बसवल्या (प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, बरोबरच होतं), पुन्हा चालू. पुन्हा काळी स्क्रीन. असं तीनदा केलं. चौथ्या वेळी आईने चहाला हाक मारली, मी वैतागून मशीन तसंच चालू ठेवून गेलो, आणि परत आलो तर समोर बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन)!

एएम५ वर (या प्रोसेसरच्या सॉकेटवर) पहिल्यांदा बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे त्या विशिष्ट पट्ट्यांशी कोणत्या वेळा आणि व्होल्टेज जमतात ते चाचपून पाहतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. मी मध्येच वीज तोडत होतो आणि तो बिचारा दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करत होता. नंतर एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केली (ती नसेल तर ६००० ची पट्टी ४८०० वरच चालते), तेव्हा पुन्हा तोच काळोख. या वेळी मी शहाण्यासारखा हात मागे बांधून बसलो.

रात्रभर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवलं. बरेच जण हा टप्पा गाळतात. पण रॅम खराब असेल तर इन्स्टॉल होतानाच फायली बिघडतात आणि आपण दोष देतो पेनड्राइव्हला. सकाळी शून्य एरर.

रविवारी डेबियन १३ (डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार), टोपणनाव ट्रिक्सी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ही आवृत्ती ६.१२ कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालते, त्यामुळे या हार्डवेअरसाठी वेगळं काही शोधावं लागलं नाही. आयएसओची (इन्स्टॉलरच्या फाइलची) चेकसम तपासली, म्हणजे ती बिघडलेली नाही ना ते पाहिलं, आणि लॅपटॉपवरून ‘डीडी’ या आज्ञेने ती पेनड्राइव्हवर उतरवली. नवख्यांसाठी एकच सांगतो: लिहायचं ते अख्ख्या एसडीबीवर (लिनक्सने पेनड्राइव्हला दिलेलं नाव), एसडीबी१ वर (त्यातल्या एका भागावर) नाही. आणि एंटर दाबायच्या आधी एसडीबी म्हणजे नक्की कोण ते दोनदा बघा. माझ्या एका मित्राने याच आज्ञेने लग्नाचे फोटो घालवलेत.

बूट मेनूत पेनड्राइव्ह निवडल्यावर इन्स्टॉलरच्या मथळ्यात ‘यूईएफआय’ (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) हा शब्द दिसतोय ना, ते पाहून घ्या. तो नसेल तर तुम्ही जुन्या पद्धतीने बूट झाला आहात. तिथेच थांबा.

जुन्या पीसीतली २४० जीबीची साटा एसएसडी याच कॅबिनेटमध्ये बसवली होती, पण इन्स्टॉलपुरती तिची केबल काढून ठेवली. दुसऱ्या डिस्कवर बूट पार्टिशन असेल तर इन्स्टॉलर कधीकधी तेच वापरून मोकळा होतो, आणि वर्षभराने ती डिस्क काढली की नवं मशीन उठतच नाही. स्क्रूड्रायव्हर हातात असताना केबल काढायला अर्धं मिनिट लागतं.

डिस्कची वाटणी हातानेच केली: १ जीबी बूटसाठी, १०० जीबी रूट (सिस्टिमसाठी), ८ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली तर), उरलेलं सगळं होम (आपल्या फायलींसाठी). (१ टीबीची डिस्क ९३१ दिसते म्हणून घाबरू नका, विकणारा दशमानात मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत.) डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनूंचं रूप, केडीईचं. पुढचं सगळं वीसेक मिनिटांत आटोपलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक चूक मात्र केली, आणि तीही तिसऱ्यांदा. इन्स्टॉलर रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड विचारतो तेव्हा ती जागा रिकामी सोडली तर तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडो (प्रशासकाचे हक्क वापरण्याची आज्ञा) मिळतो. मी इमानदारीत पासवर्ड भरला. मग पहिल्याच सुडोला उत्तर आलं की तुमचं नाव यादीत नाही. रूट होऊन स्वतःला सुडो गटात घातलं, लॉगआउट, लॉगिन.

सोमवारी घड्याळाने घोळ घातला. काही कामासाठी बायोसमध्ये गेलो तर तिथे दुपारचे सव्वाचार, भिंतीवर पावणेदहा. वाटलं, नव्या बोर्डाची बटणबॅटरी मेलेली आली. मी वेळ दुरुस्त केली. डेबियन चालू झालं तर आता पहाटेचे सव्वातीन! थोड्या वेळाने आपोआप बरोबर झालं, पण लॉगमधल्या पहिल्या ओळी उद्याच्या तारखेच्या. फरक दोन्हीकडे साडेपाच तासांचा, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. लिनक्स बोर्डाचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो आणि भारतीय वेळ स्वतः हिशोब करून दाखवतो. बॅटरी ठणठणीत होती, दुरुस्तीच चुकीची होती. शेजारी विंडोज ठेवणार असाल तर हे भांडण रोज होईल, कारण विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ लिहितो.

आता बाबा. त्यांना इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) पाठ आहे, त्यामुळे केडीईच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट जोडला की काम भागलं, वेगळं काही बसवावं लागलं नाही. त्यांनी पहिला शब्द टाइप केला ‘पायऱ्या’. सोसायटीच्या पायऱ्यांची दुरुस्ती चालू आहे, पण मला वाटतं ती परीक्षाही होती. शिफ्ट-जे, डी आणि तिरपी रेघ: अर्धा ‘ऱ’ नीट उमटला. ते खूश. मग चष्मा वर करून म्हणाले, “हा ‘ल’ हिंदीचा आहे रे.”

खरंच होता. ‘श’ पण. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात या दोन अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलेलं आहे आणि बाबांना तो निर्णय तोंडपाठ. मी फॉन्ट बदलायला निघालो होतो, पण नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आधीच असतात. कोणतं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं, आणि लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी ठरलेली भाषा हिंदी होती. पर्यायांत जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’पुढे मराठी निवडलं, आधीच्या मजकुराचीही भाषा बदलली, आणि ‘ल’ डोळ्यांदेखत वळला. इतक्या वर्षांच्या लिनक्समध्ये हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी ऑफिसात फोन: “पासवर्ड चुकीचा म्हणतोय.” मराठी लेआउट चालू असताना स्क्रीन लॉक झाली होती आणि बाबा ठिपक्यांमागे देवनागरी टाइप करत होते. “बाबा, लॉक स्क्रीनवर भाषेचं बटण आहे बघा.” सापडलं.

जुनी डिस्क काल जोडली. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता झोपी जाण्याची सोय) चालूच राहिलेलं, त्यामुळे डिस्क अर्धवट झोपलेली. वाचू देते, लिहू देत नाही. वाचण्यापुरतंच काम होतं, सगळं होममध्ये उतरवून घेतलं. पण बाबांची जुनी इतिवृत्तं युनिकोडच्या (आजच्या प्रमाण अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्टची फाइल त्याच डिस्कवर सापडली, ती बसवल्यावर वाचता येतात, शोधता मात्र येत नाहीत. साधारण दोनशे फायली आहेत. अक्षरांचा तक्ता बनवून छोटी पायथन स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे. पहिली वेलांटी सध्या चुकीच्या अक्षराला चिकटतेय.