केमोच्या दिवसांतला माझा व्यायाम

स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि केमोच्या आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. "छातीचं दुखणं वेगळं, हृदयाचं वेगळं, मग हे कशाला?" सासूबाईंनी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, काहींच्या हृदयाचा स्नायू दुबळा करतं, म्हणून आधीचा आकडा हाताशी हवा. माझा ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ६२ टक्के निघाला.

तिथूनच फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणं, दोनदा ताकदीचे व्यायाम. उपचार चालू असतानाही व्यायाम सुचवावा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय म्हणे. घरी मात्र सगळ्यांचा एकच धोशा: पडून राहा! नणंदबाई तर फोनवर रोज दम द्यायच्या.

सलाईननंतरचे पहिले काही दिवस हॉल ते गॅलरी, बस्स. त्यापुढच्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून गर्दी आणि जिम बंद, चालणं गच्चीवर. तिसऱ्या आठवड्यात जरा जीव आला की गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. टोपी घालून, ऊन वर आल्यावरच निघायचो. वेग किती ठेवायचा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतका. मी ह्यांना भाजीचे भाव ऐकवत चालायचे. वाक्य अर्ध्यात तुटलं की ह्यांनीच पाय आवरायचे.

ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठ-बस आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सावकाश वाढवत न्यायचा. ताप, छातीत दुखणं, धडधड किंवा बसल्या जागी धाप लागली, तर व्यायाम नाही, थेट डॉक्टरांना फोन. प्लेटलेट फार उतरल्या तर बाटल्याही बाजूला.

लाल औषध संपल्यावरच्या इकोत ईएफ ५९ आला. "नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. चालल्यामुळे टिकला, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. थकवा मात्र चालल्याच्या दिवशी कमी असायचा, हे मी छातीठोकपणे सांगेन.

आता पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं पुढचं औषध चालू आहे. त्याने पायाची बोटं बधिर होतात, त्यामुळे ट्रॅकवर चप्पल बंद, बूटच. आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, हा नवा गृहपाठ.