पहिला घाणा, दुसरा अंक

सासूबाईंच्या पर्समधून नाट्यगृहात पहिल्यांदा भडंग निघालं, तेव्हा रंगमंचावर एक बाप नुकताच वारला होता. मुलगा त्याच्या रिकाम्या आरामखुर्चीशेजारी उभा, मागे मंद निळा प्रकाश, पार्श्वसंगीतसुद्धा थांबलेलं. आणि आमच्या रांगेत कुर्रम्. मग थोडा वेळ काही नाही. मग आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश, एकेक चुरमुरा दाढेखाली बेतानं दाबत काढलेला दुसरा कुर्रम्, जो पहिल्याहून मोठा होता. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवली. मी ओढणी तोंडाशी धरून, या बाई माझ्या कुणी नव्हेत अशा चेहऱ्यानं समोर बघत राहिले. सासूबाई मात्र त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "कँटीन बंद आहे ना."

गृहस्थांना ते पटलं असावं. मान हलवून ते पुन्हा त्या मुलाच्या दुःखाकडे वळले.

आता, मध्यंतर होऊन गेलं होतं, खायचं ते तेव्हा खायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. पण बायकांचं खालचं स्वच्छतागृह कँटीनला लागूनच, त्यामुळे तेही पत्र्याआड गेलेलं. वरच्या मजल्यावर एकच उरलेलं आणि त्याची रांग जिन्यावरून खाली आलेली. सासूबाईंचं वय ७८, गुडघ्यांचं त्याहून जास्त. त्या वर जाऊन खाली येईपर्यंत तिसरी घंटा झाली. साखरेची गोळी घेतलेली, पोटात काही नाही. मग अंधारात पर्सची चेन उघडली गेली.

पत्र्यावर फलक होता: "नूतनीकरणाच्या कामामुळे उपाहारगृह बंद आहे. रसिकांनी सहकार्य करावे." सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं. भूक लागू द्यायची नाही, असं असावं. नाट्यगृहाचं नाव मी घेत नाही. फरशी बसवणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहिलं की फरशी वाकडी बसते.

सांगलीत नाटक बघणाऱ्याच्या मानेत मुळातच थोडा ताठा असतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी नाटकाचा नारळ फुटला, तो आमच्या गावात. त्याला आश्रय देणारे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन आमचे. देवलांचं हरिपूर सकाळी पायी जाऊन यावं इतकं जवळ, खाडिलकरांचा जन्म सांगलीतला, बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच जिल्ह्यात. ही यादी इथल्या पोराटोरांनाही पाठ असते आणि पाहुणा आला की ती म्हणून दाखवली जाते. ती संपवून नाट्यपंढरीचा वारकरी तिकीटबारीवर पोचतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मध्यंतरात वडा आहे ना?"

कँटीनवाल्या मामांना मी वीस-बावीस वर्षं तरी बघतेय. एवढ्या वर्षांत त्यांनी आतलं एकही नाटक पूर्ण बघितलेलं नाही. पण कुठल्या नाटकाचा पहिला अंक किती मिनिटांचा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मंडळींची बस मागच्या फाटकाला लागली की ते नाटकाच्या व्यवस्थापकाला गाठून विचारायचे, "मध्यंतर किती वाजता?" आणि मिळालेल्या उत्तरावर काडीचाही विश्वास ठेवायचे नाहीत. विनोदी नाटक असलं की हशाची पाच-सात मिनिटं वाढवायची. नट टीव्हीवरचा असला की एंट्रीच्या टाळीचं अर्धं मिनिट. राज्य नाट्य स्पर्धेतलं हौशी नाटक असलं की काळोखात नेपथ्य बदलताना कुणीतरी स्टुलाला अडखळणार, त्याची वेगळी मुदत. हा सगळा हिशोब मनातल्या मनात करून कढई गॅसवर चढायची. बटाट्याचे गोळे परातीत ओल्या फडक्याखाली तयार असायचे, पीठ कालवलेलं, मिरच्या चिरा पाडून ठेवलेल्या. अंक संपायच्या साधारण बारा मिनिटं आधी पहिला घाणा पडला पाहिजे. त्याच्या आधी पडला तर वडे गार, नंतर पडला तर खिडकीशी चेंगराचेंगरी. एकदा मी वडा घ्यायला गेले, तेव्हा एक काका तोंडात घास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "पहिला अंक जरा खेचलाय बघा." मामांनी झारा न थांबवता आतून सांगितलं, "सात मिनिटं. कापा म्हणावं त्यांना, तेल जळतंय माझं."

त्या पहिल्या घाण्याचा वास डाव्या बाजूच्या दाराच्या फटीतून आत यायचा. बेसन, हिंग, हळद आणि तळलेली हिरवी मिरची. (हळदीचा वास सांगलीकराला वेगळा ओळखायला शिकवावा लागत नाही, मार्केट यार्डाशेजारनं जाऊन जाऊन तो नाकात बसलेला असतो.) पावसाळी हवा असली की वास सातव्या-आठव्या रांगेपर्यंत पोचायचा आणि प्रेक्षागृह हळूच जागं व्हायचं. पाय खुर्चीखाली सोडलेली चप्पल चाचपायला लागायचे, बायका पर्स मांडीवर घ्यायच्या, काठावरचा एखादा अधीर माणूस एका मांडीवर येऊन बसायचा. रंगमंचावर नायिका बॅग भरून घर सोडायला निघालेली असायची. तिचा नवरा, तिची सासू, सगळे हवालदिल. आम्ही निवांत. वास आला म्हणजे मध्यंतर आलं, आणि मध्यंतर आलं म्हणजे ही काही जात नाही. फार तर दारापर्यंत जाईल आणि पडदा पडेल.

कँटीन बंद झालं त्या पहिल्या रविवारी दिवे लागले, घरचे पाहुणे उठावेत तशी माणसं उठली, सवयीनं डाव्या दारानं बाहेर पडली आणि पत्र्यासमोर येऊन थबकली. फलक वाचला. काहींनी चष्मा लावून पुन्हा वाचला. मग दहा मिनिटांचं करायचं काय, ते कुणालाच सुचेना. हातात वडा नसला की माणसाला हातांचं काय करावं कळत नाही, हौशी नटाचं होतं तसं. कुणी खिशात घालून बघितले, कुणी मागे बांधले, बहुतेकांनी मोबाईल काढला. एरवी कागदावर चटणी सावरत, अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून "तो धाकटा भाऊ बरा करतो हो काम" असं म्हणणारी हीच माणसं. त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही. वड्याच्या निमित्तानं बोलणं निघायचं. नुसतंच जाऊन "नाटक कसं वाटलं" विचारायला आपण काय पत्रकार आहोत?

पुढच्या प्रयोगापासून लोक शहाणे झाले. मध्यंतर होताच रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर धाव. गाडेवाल्याचे दिवस आले. पण त्याला घंटा ऐकू जात नाही आणि तो चहा उकळायची घाईही करत नाही. परिणामी दुसरा अंक सुरू झाला तरी माणसं आत येतच असायची. मोबाईलच्या उजेडात आधी खुर्चीचा नंबर, मग बसलेल्यांचे गुडघे, मग "जरा पाय घ्या". एका विनोदी नाटकात नट वैतागला, वाक्य अर्धवट सोडून समोरच्या रांगेत शिरणाऱ्याला म्हणाला, "या, या. झाला का चहा?" त्या माणसानं वाकूनच उत्तर दिलं, "झाला की! तुमचं चालू द्या." त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्यालाच मिळाली.

दुपारच्या प्रयोगांना फरशी कापायच्या कटरची साथ असायची. त्यावर काय बोलणार. एका कौटुंबिक नाटकात ऐन भांडणात तो सुरू झाला, तर दोघेही नट त्याच्याहून वरच्या पट्टीत भांडले, प्रसंग रंगला.

या सगळ्यात मामा कुठे होते? पार्किंगमध्ये झाडाखाली एक टेबल, दोन थर्मास आणि बिस्किटांचे पुडे एवढा त्यांचा संसार उरला होता. तळायची परवानगी नव्हती. पहिले काही प्रयोग ते टेबलामागे बसून घड्याळ बघत राहिले. मग एकदा मागच्या दारानं आत येऊन शेवटच्या रांगेत टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळा पहिला अंक बघितला. मध्यंतरात मी चहा घ्यायला गेले तर चहा गार, आणि मामा कुठंतरी लांब बघत म्हणाले, "चांगलं असतंय की ओ नाटक."

गणपतीनंतर उघडणार होतं. मग दिवाळीत. मग ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या मुहूर्तावर नक्की. तोही मुहूर्त गेला. सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" पुलाखाली कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आकडे इथं शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. त्याच सुरात नाट्यगृहाच्या दारात चौकशी व्हायला लागली. "किती आली फरशी?" "दाराच्या आत दोन फूट." "मागच्या महिन्यात पण दोन फूटच होती." "ओसरली असेल."

माझा भाचा लंडनला असतो. त्याला फोनवर ही कर्मकहाणी सांगितली तर म्हणाला, इथं तर अख्खी थिएटरं दुरुस्तीला बंद ठेवतात, ड्रुरी लेनचं जुनं थिएटर २०१९ ला बंद झालं ते २०२१ ला उघडलं. शिवाय मध्यंतराची गर्दी टाळायला एक सोय असते म्हणाला: नाटक सुरू व्हायच्या आधीच काय हवं ते सांगून पैसे भरायचे, मध्यंतरात बारमध्ये गेलं की आपल्या नावाच्या चिठ्ठीशेजारी ग्लास भरून तयार. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वडा आधीच काढून ठेवायचा? गार होईल की रे तो." भाच्यानं ते वड्याचं नसतं, पेयांचं असतं, असं समजावायचा प्रयत्न केला. "मग नाटकाला कशाला जायचं?" असं विचारून त्यांनी विषय संपवला.

त्यांचं भडंगाचं प्रकरण खरं तर वारशानं आलेलं आहे. त्यांचे वडील पाच अंकी संगीत नाटकांचे शौकीन. रात्री सुरू झालेलं नाटक उत्तररात्री संपायचं, वन्समोअर मिळाले की आणखी लांबायचं. "आमची आई पुरचुंडी बांधून द्यायची त्यांना, दशम्या न् चटणी," सासूबाई सांगतात. "एक पद झालं की एक दशमी." म्हणून हल्ली आमच्या घरी नाटकाची तयारी म्हणजे तिकिटं, चष्मा, गोळ्या आणि भडंग. त्यातही त्यांनी सुधारणा केल्या. प्लॅस्टिकची पिशवी वाजते म्हणून जुन्या रुमालाची थैली शिवली. शेंगदाणे वेगळे काढले, कारण ते जास्त वाजतात. लसूण कमी, कारण आजूबाजूच्यांना वास जातो. शेवटी उरलं ते भडंग म्हणायलाही जीव धजेना. "मऊ पडू दे तासभर," त्या म्हणायच्या. ज्या गावात भडंग मऊ पडलं तर दुकानदाराशी भांडण होतं, त्या गावातली बाई हे म्हणत होती.

मार्चमध्ये कँटीन उघडलं. मी वाईट सांगणार नाही, झालंय छान. काचेचं दार, पांढरी फरशी, स्टीलचा ओटा, वर उजेडाचा फलक. पॉपकॉर्न, सँडविच, कोल्ड कॉफी, आणि सगळ्यात खाली बटाटेवडा. पैसे एका खिडकीत भरायचे, टोकन घेऊन दुसरीकडे उभं राहायचं. बायकांचं स्वच्छतागृह तर असं झालंय की सासूबाईंनी बाहेर येऊन मला मुद्दाम आत बघायला पाठवलं. मामा आतच आहेत, डोक्याला जाळीची टोपी घालून. वड्याची चव तीच, चटणी कागदाऐवजी छोट्या वाटीत. दारावर नवा फलक: "बाहेरील खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई आहे." सासूबाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि पर्स काखेत जरा वर सरकवली.

मामांनी कौतुकानं वरची चिमणी दाखवली. बटण दाबलं की सगळा धूर, सगळा वास वरच्या वर खेचून घेते. "आत एक कण जात नाही," ते म्हणाले. "तक्रारी होत्या ना लोकांच्या."

मग आम्ही आत जाऊन बसलो. नवीन नाटक, नायिका चांगली होती. तासाभरानं तिचं आणि नवऱ्याचं वाजलं. तिनं कपाट उघडलं, बॅग काढली, दोन साड्या कोंबल्या. नवरा पाठमोरा उभा. ती दाराकडे निघाली. शेजारी सासूबाईंनी डाव्या हाताच्या दाराकडे मान वळवून दोनदा हुंगल्यासारखं केलं, थांबल्या, आणि माझ्या दंडाला धरून कुजबुजल्या, "अगं, ही खरंच जाते की काय?"

मला सांगता येईना. तिनं दाराची कडी काढली, आणि माझ्या शेजारी पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.