आईच्या हातातली पणती

९ नोव्हेंबर, रविवार. रात्री सव्वादहा.

बुधवारी पहाटे पंचगंगेच्या घाटावर काढलेले फोटो आज निवांत बघितले. त्रिपुरारी पौर्णिमेचा दीपोत्सव. घाटाच्या पायऱ्या आणि पाण्यात उतरलेले दिवे सुरेख आलेत, कारण तेव्हा कॅमेरा दगडी कठड्यावर टेकवला होता. पण आई पणती लावतानाचे अकरा फोटो आहेत आणि अकराही फोटोंत तिचे हात पुसट.

माझा कॅनन एस९५ मी २०११ मध्ये घेतला. दहा मेगापिक्सेल, खिशात मावणारा. तो बदलावा का, हा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या सेलमध्ये येतो आणि दरवर्षी मी नाही म्हणते. दिवसाउजेडी त्याची काहीच तक्रार नाही. कासच्या पठारावरची सीतेची आसवं ही फुलं मी त्यानेच टिपली, आणि दहा मेगापिक्सेलचे मोठे प्रिंट आमच्या हॉलमध्ये लागलेत. मेगापिक्सेल वाढवायला पैसे घालू नयेत, हे माझं मत आजही तेच आहे.

आज मात्र प्रत्येक फोटोची माहिती उघडून बघितली. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, शटर १/८ सेकंद उघडं, अ‍ॅपर्चर एफ/४.९ (लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं). इथेच सापडलं. हा लेन्स झूम न करता एफ/२ ला उघडतो. मी आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लांब उभी राहिले आणि पूर्ण झूम केला. त्या टोकाला एफ/२ च्या एक षष्ठांश उजेड आत येतो. म्हणजे निम्मी चूक माझीच.

म्हणून संध्याकाळी देवघरासमोर पुन्हा करून बघितलं. जवळ बसले, झूम नाही, कोपर पाटावर टेकवलं. समई, भिंत, आईचा चेहरा, सगळं नीट आलं. हात तरीही हललेले. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन माझ्या हाताची थरथर थोपवतं, आईच्या हाताची नाही. गेल्या वर्षापासून तिचे हात कापतात. काडी वातीपर्यंत न्यायला तिला वेळ लागतो, आणि १/३० सेकंदातसुद्धा तो कंप दिसतो. मोबाईलने तर चेहरा मेणासारखा गुळगुळीत केला आणि बोटं दोन-दोन दाखवली, कारण तो अनेक फ्रेम एकत्र जोडतो.

ओळखीच्या दुकानात सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ वापरलेला आलाय. २०१४ चं मॉडेल, म्हणजे तोही जुनाच. त्याच्या सेन्सरला, म्हणजे उजेड टिपणाऱ्या भागाला, एक इंची म्हणतात, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. तरी माझ्या कॅमेऱ्यातल्यापेक्षा क्षेत्रफळ पावणेतीन पट. लेन्स पूर्ण झूमलाही एफ/२.८. झूम माझ्या कॅमेऱ्याइतका लांब जात नाही, पण दोन पावलं पुढे जाणं मला जमेल. सेन्सर आणि लेन्स मिळून उजेडाचा हिशोब आठ पटींच्या आसपास जातो. बुधवारी जिथे १/८ सेकंद लागला, तिथे फोटोत तेवढेच खरखरीत दाणे ठेवून १/६० मिळेल. एवढ्या वेगात तिची बोटं बोटांसारखी दिसतील का, हे कागदावर कळत नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "माझ्या हातांचं काय बघायचंय? दिव्यांचे काढ की."

मला तेच हात हवेत. बाकी कशासाठीही हा खर्च मी केला नसता, एवढ्यासाठी करावासा वाटतो.

उद्या संध्याकाळी दुकानात जाणार आहे. माझं कार्ड त्यांच्या कॅमेऱ्यात घालून बघू देतील, असं फोनवर म्हणालेत. आईलाही नेते. पिशवीत पणती, वात, तेलाची छोटी बाटली आणि काडेपेटी आताच ठेवली.