पोटॅशची बॅग आणि बेलारूसचे कैदी

२०२२ च्या उन्हाळ्यात लाल पोटॅश या खताची ५० किलोची बॅग १७०० रुपयांवर गेली. आदल्या वर्षी मी तीच बॅग हजाराच्या आत आणली होती. सोयाबीनवाल्याला हा फटका एकरी एखाद्या बॅगेचा. केळीवाल्याचं तसं नाही. झाडाला २०० ग्रॅम पालाश (पोटॅशमधलं अन्नद्रव्य; बॅगेच्या वजनाचा तो एक भागच असतो) द्यायची शिफारस आहे. ६ बाय ५ फुटांवर लावलं तर एकरात साडेचौदाशे झाडं बसतात, म्हणजे पोटॅशच्या जवळजवळ दहा बॅगा. एकरी सात-साडेसात हजारांचा खर्च नुसता तेवढ्यातच वाढला.

आमची केळी अर्धापूर तालुक्यात, इसापूरच्या कालव्यावर. पोटॅश कमी पडलं की आधी जुन्या पानांच्या कडा करपतात. घड निसवतो (बाहेर पडतो), पण फण्या भरत नाहीत. व्यापारी लांबूनच बघतो आणि भाव पाडून मागतो. त्यामुळे नत्रात काटकसर करणारा शेतकरीसुद्धा पोटॅशला हात आखडता घेत नाही.

तेव्हा दुकानदार म्हणाला, "मामा, तिकडं युद्ध लागलंय, मालच येईना. आहे तेवढा घेऊन जा." सोबत गरज नसलेली सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटलीही घ्यायला लावली. या लिंकिंगबद्दल आम्ही दरवर्षी बोंबलतो, दरवर्षी ते होतं. पण त्या दिवशी घरी येताना माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. युद्ध युक्रेनमध्ये, आणि अर्धापुरात पोटॅश का नाही?

पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याच्याकडून आणि मिळेल तिथून वाचत गेलो. पहिली गोष्ट समजली ती ही, की आपल्या देशात पोटॅशची एकही चालू खाण नाही. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे हेच लाल पोटॅश, सगळं बाहेरून येतं. जगाच्या पोटॅश निर्यातीत रशिया आणि बेलारूस मिळून साधारण ४० टक्के. राहिलेल्यात मोठा वाटा कॅनडाचा.

बेलारूसची गोष्ट युद्धाच्या आधीची आहे. ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत तिथले अध्यक्ष लुकाशेंको यांनी विजय जाहीर केला, लोक रस्त्यावर उतरले, हजारोंना पकडलं. सरकारी पोटॅश कंपनी बेलारूसकालीच्या कामगारांनीही संप केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात एका पत्रकाराला पकडायला चालतं प्रवासी विमान राजधानी मिन्स्कला उतरवलं. मग ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेनं बेलारूसकालीवर निर्बंध घातले. बेलारूसला समुद्र नाही. त्याचं पोटॅश रेल्वेनं लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरात यायचं. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियानं ती वाट बंद केली. तीन आठवड्यांनी रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चच्या सुरुवातीला युरोपीय संघानंही बेलारूसचं पोटॅश घेणं बंद केलं.

रशियाच्या खताचं वेगळं होतं. अमेरिकेच्या अर्थखात्यानं मार्च २०२२ मध्येच लेखी सांगितलं की शेतमाल आणि खताच्या व्यवहाराला सूट आहे. तरी माल अडला. रशियाच्या मोठ्या बँका स्विफ्टमधून (देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशाच्या जाळ्यातून) बाहेर काढल्या होत्या, जूनमध्ये तिथली शेतीची सरकारी बँकही गेली. खत कंपन्यांच्या मालकांवर वैयक्तिक निर्बंध लागले. सूट असली तरी कोणती बँक नसती जोखीम अंगावर घेईल? विमावाला कचरतो, जहाजवाला जास्त भाडं मागतो. कायद्यात दार उघडं होतं, पण पैसा आणि जहाज दोन्ही बाहेरच खोळंबले.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण युरोपच्या बंदरांतलं. रशियन कंपनीचं अडीच लाख टनांहून जास्त खत तिथं अडकून पडलं होतं. ते आफ्रिकेला फुकट द्यायचं ठरलं, तरी २० हजार टनांचं पहिलं जहाज नेदरलँड्समधून मलावीसाठी निघायला नोव्हेंबर २०२२ संपत आला. शेती अशी थांबते का? पेरणीच्या वेळी खत नसेल तर नंतर आलेल्या खताचं त्या शेतकऱ्यानं काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. युक्रेनचे शेतकरी आपल्यासारखेच आहेत, त्यांच्या रानात सुरुंग पेरले गेलेत. हल्ला करणाऱ्याचा पैसा तोडायलाच पाहिजे. बेलारूसच्या पोटॅशवर उघड बंदी घातली, ते मी समजू शकतो, त्याची झळ सोसूही शकतो. पण खताला सूट आहे असं कागदावर लिहायचं आणि पैसे द्यायची वाट बंद ठेवायची, हे मला मान्य नाही. सूट द्यायची तर तिच्यासाठी एक बँक, एक विमा, एक बंदर आधी नक्की करा.

भावाचा हिशेबही बघा. २०२१ च्या सुरुवातीला भारताचा पोटॅशचा करार टनाला २४७ डॉलरला झाला होता, २०२२ चा ५९० डॉलरला. त्यावर सरकारनं २०२२ च्या खरिपात पालाशला किलोमागे २५.३१ रुपये अनुदान दिलं, म्हणून १७०० वर तरी थांबलं. पुढे जगात भाव उतरले, आणि २०२३ च्या रब्बीत अनुदान २.३८ रुपयांवर आणलं. जागतिक भाव पडल्याचा फायदा माझ्या बांधापर्यंत आलाच नाही. ही नाराजी अमेरिकेवर नाही, दिल्लीवर आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली: अमेरिका बेलारूसच्या पोटॅशवरचे निर्बंध उठवणार, आणि बेलारूसच्या तुरुंगातून १२३ कैदी सुटले. त्यात २०२२ चा शांततेचा नोबेल मिळालेले तिथले मानवाधिकार कार्यकर्ते आलेस बियालियात्स्की होते. माणसं सुटली याचा मला मनापासून आनंद झाला. पण मी ती बातमी दोनदा वाचली. ज्या पोत्यासाठी मी दुकानाच्या दारात उभा होतो, त्याच्या बदल्यात तिकडे माणसं तुरुंगातून बाहेर येत होती. युरोपची बंदी मात्र तशीच आहे.

सध्या मी मळीपासून काढलेलं पोटॅश वापरून बघतोय. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतल्या राखेचं ते खत, त्यात पालाश साडेचौदा टक्के. म्हणजे लाल पोटॅशच्या एका बॅगेची बरोबरी करायला चार बॅगा, वाहतूक आणि मजुरीही तेवढी. सगळ्या बागेला ते परवडणार नाही. मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) एका तुकड्याला निम्मं हे आणि निम्मं लाल असं दिलंय. घड उतरले की दोन्हीकडची वजनं इथं लिहीन.