न आवडणारी माणसं आणि ७८० किलोमीटर

पायी यात्रेत सोबतचा माणूस नकोसा होतो तो बहुतेक वेळा झोपेमुळे. फ्रान्समधल्या, स्पेनच्या सीमेजवळच्या सँ-जाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत संत याकोबाची वाट सुमारे ७८० किलोमीटर आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाललं तर तेहेतीस-चौतीस दिवस, आणि तेवढ्या रात्री अनोळखी लोकांबरोबर दुमजली खाटांवर. वाटेवरच्या रोन्सेसव्हायेस गावच्या यात्रीनिवासात १८३ खाटा आहेत. त्यात घोरणारे किती निघतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आपल्याकडे दिंडीत गावची माणसं असतात, समोरच्याला ‘माउली’ म्हणायची जुनी सवय असते. हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियेच्या) यात्रेला पायी जाणारेही बहुतेक एकाच धर्मग्रामातले (पॅरिशमधले). या वाटेवर मात्र सोबत कोण येणार हे आपल्या हातात नसतं. पहाटे पाचला प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवणारा, दुसऱ्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारणारा, खाट मिळावी म्हणून धावणारा आणि पोहोचल्यावर कोण किती हळू चालतं हे सांगत बसणारा, सगळे वाट्याला येतात. त्यात एखादा अगदी घरच्या कुणासारखा बोलतो. सगळ्यात जड तोच जातो.

माझं मत असं की इथे लगेच गुडघे टेकू नयेत, आधी तळपाय बघावेत. टाचेला ऊब जाणवली की तिथेच थांबून पट्टी लावायची; पुढच्या गावापर्यंत ढकललं की फोड येतो, आणि फोड आलेल्या माणसाला संतही आवडणार नाही. पाठपिशवी आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको. कानात घालायचे बोळे दोन जोड, कारण एक हरवतोच. पिशवी रात्रीच भरून ठेवायची, सामान कापडी थैल्यांत, बॅटरी लाल उजेडाची. शेवटच्या तीन गोष्टी दुसऱ्यांसाठी आहेत. आपण कुणालातरी असह्य होत असतो, हे ध्यानात आणून देणारं यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

पोट भरलं, झोप झाली, तरी मन आंबटच असेल तर तो खरा राग, आणि प्रार्थनेचं काम तिथून पुढे. येशूने ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ म्हटलं. ते आवडले पाहिजेत असं म्हटलं नाही. मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखी प्रीती करणं म्हणजे दुसऱ्याचं भलं व्हावं अशी इच्छा धरणं. आवड हुकमाने येत नाही, इच्छा धरता येते. चालता चालता ते असं करायचं: जपमाळेचा एक दशक त्या माणसाच्या नावे. दहा ‘नमो मारिया’ म्हणेपर्यंत साधारण अडीचशे-तीनशे मीटर वाट सरते. आधी नाव घ्यायचं, मग त्याच्यासाठी एकच नेमकी गोष्ट मागायची: गुडघा बरा होवो, आज खालची खाट मिळो. ‘प्रभू, याला सुधार’ अशी प्रार्थना करू नये. ती चहाडी असते, फक्त देवाकडे केलेली.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजेच्या मठात प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत बारीक खुडबुड करायची. तेरेजेने कान झाकून पाहिले नाहीत. तो आवाज गाणं असल्यासारखा ऐकला आणि तेच येशूला अर्पण केलं. घोरण्यावर हे पहिल्या रात्री जमत नाही. बोळे घालावेत, त्यात पाप नाही.

पाम्प्लोना सोडल्यावर तेरा-चौदा किलोमीटरवर आल्तो देल पेर्दोन लागतो, म्हणजे क्षमेचा माथा. वर वाऱ्याला तोंड देत चालणाऱ्या यात्रेकरूंच्या लोखंडी आकृत्या आहेत, १९९६ साली उभारलेल्या. सगळे फोटो तिथेच काढतात. पण पाय मुरगळतात ते पलीकडच्या उतारावर. गोटे सुटे आहेत, गुडघे तिथेच बोलायला लागतात. दोन काठ्या, लहान पावलं, आणि तिथे कुणाशी वाद नको. क्षमेचंही असंच. ‘माफ केलं’ म्हणायला एक क्षण पुरतो, त्यानंतरचे दिवस गुडघ्यांवर येतात.

बुर्गोस ते लिओन हा सपाट पठाराचा भाग. कारिऑन दे लोस कोंदेस सोडलं की सतरा किलोमीटर गाव नाही, सावली नाही. बोलघेवडा सोबती टाळायला जागा नाही, आणि एकटं असलं तर घरचे जुने खटले मनात चालू होतात: भावकीची वाटणी, पाणउतारा करणारी थोरली जाऊ, बोलणं सोडलेला मित्र. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की प्रीती ‘अपकार स्मरत नाही’. आठवण पुसली जाणार नाही. पण तीच फिर्याद तिसऱ्यांदा उगाळायला लागलो हे ओळखता येतं. ओळखलं की पाणी प्यायचं आणि पुढच्या खांबापर्यंत दशक.

वेग वेगळा ठेवणं म्हणजे प्रीती कमी होणं नव्हे. ‘मी पुढे होतो, बुएन कामिनो’ (वाट सुखाची होवो) एवढं म्हणून निघावं. मात्र कुणी छळत असेल, पाठलाग करत असेल, तर सहन करणं हे वैऱ्यावरचं प्रेम नाही. यात्रीनिवासाच्या सेवकाला सांगावं, ११२ लावावा. प्रार्थना दुसऱ्या गावात बसूनही पोहोचते.

फोन्सेबादोनच्या वर, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, लाकडी खांबावर लोखंडी क्रूस आहे. घरून आणलेला दगड मनावरचं ओझं समजून त्याच्या पायाशी ठेवायचा. लहानच आणावा, त्यावर कुणाचं नाव लिहू नये. पुढे मोलिनासेकापर्यंत जवळजवळ नऊशे मीटरचा उतार आहे, आणि वर ठेवून आलेला राग तिथेच पुन्हा भेटतो. त्याने दचकू नये. व्हियाफ्रांकाच्या संत याकोब चर्चचं क्षमाद्वार पूर्वी वाटेत अडलेल्यांसाठी होतं: आजारामुळे ज्यांना पुढे जाणं शक्य नव्हतं, त्यांना सांतियागोला मिळणारी पापक्षमा इथेच मिळे.

मला मात्र सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे डोंगरावरचं ओ सेब्रेइरो गाव. तिथे पोहोचतानाच्या शेवटच्या आठ किलोमीटरांत साधारण सहाशे मीटर चढ. परंपरा सांगते की चौदाव्या शतकात हिमवादळातून एक शेतकरी मिस्सेला (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या उपासनेला) आला. वेदीवरच्या धर्मगुरूने मनात म्हटलं, एवढ्याशा भाकर-द्राक्षारसासाठी हा वेडा इथवर आला! तेव्हा भाकरीचं मांस आणि द्राक्षारसाचं रक्त झालं. तो प्याला अजून तिथल्या चर्चमध्ये आहे. चमत्कार कुणी मानो न मानो, धर्मगुरू तोंडाने काहीच बोलला नव्हता, एवढं लक्षात ठेवण्यासारखं. याच गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ साली पिवळा रंग घेऊन वाटभर दिशा दाखवणारे बाण रंगवले. आज ज्याचा राग येतो तोही तेच बाण बघत चालतो.

सांतियागोला यात्री कार्यालयात प्रमाणपत्र मिळतं. किमान शेवटचे शंभर किलोमीटर चालून, त्या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के हवेत. ते दुसऱ्याच्या वतीनेही घेता येतं, कागदावर ‘विकारिए प्रो’ म्हणून नोंद होते. पण ती माणसं मृत किंवा चालता न येण्याइतकी आजारी असावी लागतात. बोलणं तुटलेलं असतानाच जे गेले, त्यांच्यासाठी काही जण हे घेतात. नाव रोमन अक्षरांत घरूनच नीट लिहून न्यावं. खिडकीशी आठवत बसलं की मागची रांग चिडते.