पद्मपाणीच्या पापण्या

सिल्लोडमध्ये लग्नसमारंभांचे फोटो काढण्यात माझी बारा वर्षे गेली असून, उजेड कमी पडला की फ्लॅश लावायचा, एवढाच उपाय मला ठाऊक होता. गेल्या हिवाळ्यात चित्रकलेचे एक शिक्षक मला अजिंठ्याला घेऊन गेले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या, चेहऱ्याची रेषान्‌रेषा दिसेल, असा फोटो त्यांना विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी हवा होता. तेथे फ्लॅशला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी मातीच्या गिलाव्यावर चढवलेले रंग आपल्या फोटोपायी विटू देणे हा अपराधच होय. ट्रायपॉडची परवानगी आमच्याकडे नव्हती.

नेहमीची झूम लेन्स ५.६ अॅपर्चरपलीकडे उघडेना (अॅपर्चर म्हणजे लेन्सचे प्रकाशद्वार; आकडा जितका लहान, तितके ते मोठे), आणि ८०० आयएसओवर, म्हणजे प्रकाशाला तेवढ्या संवेदनशीलतेवर, कॅमेरा शटर एक सेकंद उघडे ठेवायला मागू लागला. मागच्या पडद्यावर फोटो बरा दिसला, पण तो मोठा करून पाहताच सर म्हणाले, "अहो, पापण्याच हलल्यात." खाली झुकलेल्या त्या पापण्या म्हणजे चित्राचा प्राण.

बाहेर येऊन मी ५० मिमीची लेन्स लावली आणि अॅपर्चर २ वर आणले. प्रकाश आठपट झाला. लेन्स इतकी उघडल्यावर फोकसचा पट्टा अरुंद होतो, पण चित्र सपाट भिंतीवर असल्याने तिला समांतर उभे राहिल्यास चेहऱ्याचा एखादा भाग फोकसमधून सुटण्याची भीती नव्हती. आयएसओ ३२०० केला. फोटोत दाणे येतात म्हणून मी एरवी इतका चढवत नसे, पण दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात, हललेली रेषा मात्र काही केल्या परत मिळत नाही. शिवाय भोवतालच्या काळोखाला भुलून कॅमेरा सारेच उजळ करू पाहत होता, म्हणून मॅन्युअलवर एक्स्पोजर एक स्टॉप उतरवले, म्हणजे प्रकाश निम्मा केला. शटर १/६० सेकंदावर आले.

पुन्हा आत गेलो. गालाच्या सपाट रंगावर ऑटोफोकस ठरेना, तेव्हा मुकुटाच्या ठळक कडेवर फोकस धरला, कोपर बरगड्यांशी टेकवले आणि अर्धा श्वास सोडून सलग पाच-पाच फोटो घेतले. चाळीसपैकी चारच खऱ्या अर्थाने स्पष्ट आले. त्यांतल्या एकात पापणीची रेषा कोठे जाडावते आणि कोठे निमुळती होते, तेही दिसत होते. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घेतले असल्याने दिव्यांची पिवळसर झाक काढता आली, मात्र सर समाधान होईपर्यंत शेजारी बसून होते आणि त्यात आणखी दोन संध्याकाळी गेल्या.