फी भरली, मुलगी कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही एकटेच नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ, कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर भेटणारे लोक, बँकेतली काउंटरवरची मुलगी, सगळ्यांचा प्रश्न एकच: "आपल्याकडे गरिबी काय कमी आहे, की तुम्ही आफ्रिकेतल्या पोरांच्या शिक्षणाला पैसे पाठवता? आणि ते पोचतात तरी का?"

हे खरं तर दोन प्रश्न झाले. पहिल्याचं उत्तर छोटं आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षं नैरोबीत गेली. इंडस्ट्रियल एरियात एका गुजराती मालकाच्या कंपनीचे हिशेब बघायचो. पुण्यातला फ्लॅट, मुलीचं इंजिनिअरिंग, आईचं आजारपण, सगळं त्या पगारात झालं. जिथलं मीठ खाल्लं तिथं थोडं परत जातं, एवढंच. इथेही देतो, पण इथे दिलं की कारण कोणी विचारत नाही. आणि 'आफ्रिका' म्हणजे चोपन्न देश. माझा संबंध त्यातल्या केनियाशी, तोही व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या होमा बे काउंटीतल्या मोजक्या शाळांशी.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्या.

कंपनीत उचलीचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. तिथल्या शाळा जानेवारीत सुरू होतात आणि वर्षाच्या तीन टर्म असतात. टर्म सुरू व्हायची वेळ आली की रजिस्टरची पानं भराभर भरायची. आस्कारी (म्हणजे आपला वॉचमन), ड्रायव्हर, गोडाऊनमधली माणसं, सगळे रांगेत. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: स्कूल फीज.

सुरुवातीला मला कळेना. इथे तर शिक्षण मोफत आहे ना? आहे, कागदावर. 2003 मध्ये किबाकी सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं, आणि पटावरची मुलं साधारण 59 लाखांवरून 72 लाखांवर गेली. पुढच्या वर्षी किमानी मरुगे नावाचे 84 वर्षांचे आजोबासुद्धा गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले. 2008 पासून माध्यमिकच्या शिकवणीचा खर्चही सरकारने उचलला. मुलामागे वर्षाला 22,244 शिलिंग हा पुढे ठरलेला आकडा. तो पूर्ण आणि वेळेवर हातात पडत नाही ही तिथल्या मुख्याध्यापकांची बारमाही तक्रार. शिवाय नावाजलेल्या शाळा निवासी. राहण्याजेवणाचा भार पालकांवर, आणि सर्वांत वरच्या राष्ट्रीय शाळांसाठी तो वर्षाला 53,554 शिलिंगपर्यंत. आमच्या आस्कारीचे तीन-चार पगार त्यातच संपायचे.

आणि फी हे अर्धंच प्रकरण. प्रवेश मिळाला की शाळा एक यादी हातात ठेवते. पत्र्याची पेटी, तिला कुलूप, गादी, ब्लँकेट, बादली, घमेलं, काळे बूट, भूमितीची पेटी, स्वाहिली शब्दकोश, टॉयलेट पेपर. काही शाळांच्या यादीत गवत कापायचं स्लॅशर नाहीतर कुदळही असते. जानेवारीत नैरोबीच्या कामुकुंजी भागात गेलात तर पत्रा ठोकण्याच्या आवाजाने कान किटतात. निळ्या, हिरव्या, काळ्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि पेंटर झाकणावर मुलांची नावं रंगवतोय. मग ती पेटी आणि गुंडाळलेली गादी बसच्या टपावर चढते आणि पोर शाळेला निघतं. आता तिथली पद्धत बदलली. जुनं आठ-चार-चार (आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) गेलं, दोन-सहा-तीन-तीन-तीन (बालवाडी, प्राथमिक, कनिष्ठ आणि वरिष्ठ माध्यमिक, विद्यापीठ) आलं, आणि 2026 च्या जानेवारीपासून 'फॉर्म वन'ऐवजी, म्हणजे जुन्या माध्यमिकच्या पहिल्या वर्गाऐवजी, दहावीत गेलेली मुलं वरच्या शाळेत दाखल होऊ लागली. पेटी काही सुटलेली नाही.

फी थकली की टर्मच्या मध्येच मुलांना घरी पाठवतात. सरकार दरवर्षी बजावतं की असं करू नका. शाळा म्हणतात, मग धान्यवाल्याला काय देऊ? दोघांचंही खरं असतं.

तर आम्ही काही जणांनी मिळून, म्हणजे नैरोबीतली दोन-तीन मराठी कुटुंबं, तितकेच गुजराती मित्र आणि आमच्या कंपनीतून निवृत्त झालेला एक केनियन सहकारी, एक छोटा निधी सुरू केला. त्या सहकाऱ्याच्या गावाकडची एक स्थानिक संस्था मुली निवडते आणि आम्ही फी भरतो. तिकडे वर्गणी काढून शाळा उभी करणं नवं नाही. 'हरांबे' म्हणून ती रीत स्वातंत्र्यापासून चालत आलेली आहे, आणि कित्येक माध्यमिक शाळा तशाच उभ्या राहिल्या.

पैसे पोचतात का? अहो, पोचण्याची काळजी आता उरलीच नाही. 2007 मध्ये एम-पेसा आलं, तेव्हापासून केनियात फोनवरून पैसे पाठवणं हे आपल्या यूपीआयच्याही कितीतरी आधीपासून अंगवळणी पडलंय. शाळेचा पेबिल नंबर (फोनवरून पैसे स्वीकारायचा तिचा नंबर) टाकायचा, खात्याच्या जागी मुलीचा प्रवेश क्रमांक, झालं. पालकांच्या हातात रोकड नाही, मधला माणूस नाही. शाळेच्या खात्यात जमा, मेसेज लगेच हजर. इथून तिथल्या संस्थेला पैसे पाठवतानाच काय तो ए-टू फॉर्म भरायचा ताप.

एका वर्षी संस्थेकडून कळलं की आमच्या यादीतली एक मुलगी महिनाभर शाळेतच आलेली नाही. मी फाईल काढून बघितली. टर्मची पूर्ण फी गेलेली, शाळेचा शिक्का असलेली पावती लावलेली, ऑडिटमध्ये कोणी बोट ठेवू शकणार नाही असं सगळं चोख. पावती होती, मुलगी नव्हती. आई नैरोबीला घरकामाला गेली होती, आणि घरी धाकटा भाऊ आणि आजी. आजीला दिसत नव्हतं. मग चूल कोण पेटवणार? फीचा त्यात कुठेच संबंध नव्हता.

ती परत आली ती संस्थेच्या एका ताईमुळे. ही ताई त्याच भागातली, त्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेली, विशीतली. हजेरीत नाव दिसेना तेव्हा ही मोटारसायकलवरून त्या घरी गेली, आजीशी बोलली, पलीकडच्या वस्तीतल्या मावशीला गाठलं, आईला फोन लावला. तिसऱ्या खेपेला कुठे जमलं. ह्या सगळ्याचा खर्च काय? मोटारसायकलचं भाडं आणि फोनचा टॉकटाइम. आमच्या ताळेबंदात तो 'प्रवास व भत्ता' ह्या रकान्यात पडतो, आणि आमच्या सभेत दरवर्षी भांडण होतं ते नेमकं ह्याच रकान्यावरून.

ही ताई आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर मुलींचा तास घेते. अहवालात त्याला जीवनकौशल्य प्रशिक्षण म्हणतात. नाव भारदस्त आहे. तिथे गेलो होतो तेव्हा एक तास बघितला. एक मुलगी खुर्चीवर उलटी बसली, पाठ म्हणजे हँडल. ती बोडाबोडावाला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला. दुसरी दप्तर घेऊन रस्त्याने निघालेली. "चल सोडतो, पैसे नको." ती नाही म्हणाली. "अगं ऊन किती आहे!" पुन्हा नाही. मग त्याने भजी देऊ केली, मग फोनचं रिचार्ज. वर्ग हसून लोळत होता, कारण खुर्चीवरची पोरगी गावातल्या कुठल्यातरी खऱ्या माणसाची हुबेहूब नक्कल करत होती. हसणं ओसरल्यावर ताईने विचारलं, की चौथ्या दिवशी पाऊस असेल आणि घरून दुपारच्या जेवणाचे पैसे मिळाले नसतील, तर? आता कोणी हसलं नाही. मग अर्धा तास त्या बोलत होत्या, लुओ आणि स्वाहिलीत. मला त्यातलं थोडंच कळलं. घोळक्याने कसं जायचं, कोणाला सांगायचं, दिवस गेलेच तर शाळा कायमची बंद होत नाही, नियमाने परत येता येतं, असं सगळं. फुकटची लिफ्ट आणि शाळकरी वयातलं गरोदरपण ह्यांचं नातं तिथे लहान पोरीलाही माहीत असतं. शेवटी शंभर शिलिंगांचा आठवड्याचा हिशेब मांडायला लावला. तो भाग मला कळला. दोघींची बेरीज चुकली होती.

हे नुसतं माझं बघणं नाही. मायकेल क्रेमर नावाचा अमेरिकन तरुण कॉलेज संपवून पश्चिम केनियातल्या काकामेगाजवळ शिकवायला गेला होता. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर तो आणि त्याचे सहकारी जवळच्याच बुसियात आणि आसपासच्या भागांत वर्षानुवर्षं शाळांमध्ये प्रयोग करत राहिले. फुकट पाठ्यपुस्तकं वाटली, तर फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्यांना, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि बहुतेकांची ती तिसरी भाषा. जंताच्या गोळ्या दिल्या, तर गैरहजेरी जवळपास पाव हिश्श्याने घटली. सहावीतल्या मुलींना फुकट गणवेश दिला, तर शाळा सोडणं आणि लहान वयात दिवस जाणं, दोन्ही कमी झालं. ह्या अशा कामासाठी 2019 चं नोबेल तिघांना मिळालं, त्यात क्रेमर. उरलेल्या दोघांपैकी अभिजित विनायक बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याकडे तेवढंच गाजलं. बुसियाचं नाव कोणी काढलं नाही.

युगांडात बांगलादेशच्या ब्रॅक संस्थेने 2008 पासून किशोरींचे क्लब चालवले. त्यात थोडं धंदेशिक्षण आणि थोडं हे असं बोलणं, आणि घेणारी त्याच गावातली जराशी मोठी मुलगी. चार वर्षांनी मोजलं तर त्या वयातली गरोदरपणं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली होती. झिंबाब्वेत 1993 मध्ये कॅमफेड ही संस्था 32 मुलींची फी भरून सुरू झाली. त्या 32 जणींतली एक, अँजेलिन मुरिमिरवा, आज संस्थेची प्रमुख आहे. त्यांच्याकडे शिकून बाहेर पडलेल्या मुली परत शाळेत जाऊन धाकट्यांचे तास घेतात. त्यांना धंद्याला बिनव्याजी कर्ज मिळतं, आणि व्याज फेडायचं ते शाळेतल्या वेळाने. हिशेबनीस म्हणून मला हे व्याज फार आवडतं.

आणि 'आपलं सोडून' म्हणणाऱ्यांसाठी एक. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ह्यांनी 1995 मध्ये मुंबईत उभी केलेली 'प्रथम' तुम्हाला ठाऊक असेल. इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढं वाचता येतं त्या गटात बसवून शिकवायचं, ही त्यांची पद्धत झांबिया सरकारने 2016 च्या सुमाराला उचलली आणि 'कॅच अप' नावाने आपल्या शाळांत नेली. तिथेही सगळी मदार शिकवणाऱ्याला गावोगाव जाऊन सोबत करणाऱ्या माणसांवर.

आता आमच्या सभेतलं भांडण. आमचे एक सभासद, मनाने अतिशय उदार, दरवर्षी म्हणतात, "एवढे पैसे भाड्यातोड्यात घालवण्यापेक्षा एक वर्गखोली बांधू. डोळ्यांना दिसेल तरी." त्यांना मी दोष देत नाही. आपल्या देवळांत पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं. पातं फिरायला लागलं की ते वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. केनियातही खासदार निधीतून बांधलेल्या वर्गाच्या भिंतीवर तसा ठसठशीत उल्लेख असतोच. मोटारसायकलच्या भाड्यावर नाव कुठे घालणार? मोठे देणगीदारही खर्चाच्या तक्त्यात पहिली कात्री लावतात ती इथेच, आणि वर 'शंभर टक्के रक्कम थेट मुलांपर्यंत' असं छापून अभिमानाने सांगतात. माझ्या मते असं छापणाऱ्या संस्थेला दोनदा विचारून मगच पैसे द्यावेत. मुलगी येईनाशी झाली तर तिच्या घरी कोण जातं, आणि त्याचा पगार कोण देतं, हे विचारावं.

2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि जुलैपर्यंत ती मदत वाटणारं सरकारी खातं, यूएसएड, बंदच झालं. होमा बेमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाच्या 'ड्रीम्स' योजनेतून कितीतरी मुलींना फी आणि असेच मेळावे मिळत असत. ते गेल्यावर आमच्या संस्थेच्या दारात रांग लागली. आमचा निधी तो केवढा! सभेत हिशेब मांडला. ताईला बंद केलं तर आणखी काही मुलींची फी निघत होती, ताई ठेवली तर त्या मुलींना नाही म्हणायचं. तास-दीड तास चर्चा झाली, आवाज चढले, एक जण कॅमेरा बंद करून बसला. शेवटी ताई ठेवली. मीही तसंच मत दिलं. ज्यांना नाही म्हटलं त्यांची नावं मी वाचली होती, त्यामुळे त्या निर्णयाचं कौतुक मला कोणी सांगू नये.

तुमच्यापैकी काहींना थोडे पैसे द्यायचे आहेत, आणि त्यांचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे: 80जी ची पावती मिळेल का? नाही मिळत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर सूट नाही. त्याउपर द्यायचे असतील तर पॅन कार्ड आणि ए-टू फॉर्म घेऊन बँकेत जा, आणि काउंटरवरची मुलगी "आफ्रिकेत कशाला?" म्हणाली तर माझ्याकडे पाठवा.